अठरावा जोड

रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की वहिनी आधी खाली बघतात. मग वर. चेहरा आठवतोच असं नाही, टाच मात्र आठवते. बुटाची टाच आतून झिजली आहे की बाहेरून, यावरून माणूस भार कुठे देतो ते कळतं. भार कळला की त्याचं काय दुखतं तेही कळतं. भाजीवाल्याला त्यांनी एकदा सहज विचारलं, "डावा गुडघा कसा आहे?" तो घाबरलाच. त्यानं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी वहिनींना यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

बूट त्यांचे यजमान बनवायचे. साधे नव्हेत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं गेलेली, कुणाचं पाऊल आत वळलेलं, अशांचे. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत हॉस्पिटलच्याच मालकीची एक खोली होती. समोर काचेचं दार. आत एक लांब लाकडी बाक. भिंतीवर लाकडी पावलांच्या रांगा. रबर चिकटवायच्या सोल्युशनचा वास नाकात असा बसायचा की घरी गेल्यावर चहालाही तोच वास यायचा. डॉक्टरबाई पेशंटला पाठवायच्या, यजमान माप घ्यायचे, आणि दहा-बारा दिवसांत तो माणूस गल्लीतून सरळ चालत जायचा. सगळं हॉस्पिटल त्यांना उस्ताद म्हणायचं. आडनाव कुणाला माहीतच नव्हतं.

उस्तादांचा एक नियम होता. बूट हातात द्यायचा नाही, पायात द्यायचा. मग गिऱ्हाइकानं दारापासून गल्लीत दहा पावलं जायचं आणि दहा पावलं परत यायचं. उस्ताद बघायचे नाहीत. दारात डोळे मिटून उभे राहायचे आणि ऐकायचे. दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला तर बूट गेला. नाही आला तर बूट परत बाकावर. कुणी घाईत असलं तरी सुटका नव्हती. एका मोठ्या वकिलांना त्यांनी अकरा वेळा चालवलं होतं.

एका सकाळी दाढी करताना उस्तादांच्या हातून ब्रश पडला. तो उचलायला ते वाकले आणि परत उठलेच नाहीत. उजवा हात गेला. उजवा पाय निम्मा गेला. जीभही गेली होती, पण ती आठ दिवसांत परत आली.

"नको ते आधी बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. मग आत जाऊन रडल्या.

वहिनींनी तोवर आयुष्यात एकही गोष्ट तडीस नेली नव्हती. हे त्यांचंच मत. टायपिंगचा क्लास दोन महिने, शिवणाचा दीड. घरात तीन स्वेटर होते, तिन्ही बिनबाह्यांचे. उस्ताद थंडीत त्यातलं एक घालून हॉस्पिटलात जायचे आणि सांगायचे, "जाकीट आहे. बायकोनं खास विणलंय." वहिनी हसायच्या. त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. घरात एक माणूस कामाला वाघ असला की दुसऱ्याला थोडं आळसावता येतं.

खोली साडेतीन महिने बंद होती. वहिनी आठवड्यातून एकदा झाडायला जायच्या. एका दुपारी त्या झाडत असताना काचेवर टकटक झाली. बाहेर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, पायात एक बूट आणि हातात दुसरा. हातातल्या बुटाचा जाड सोल अर्धा सुटून जिभेसारखा लोंबत होता.

"उस्ताद आजारी आहेत," वहिनी म्हणाल्या.

"ते कळलं हो. फार वाईट झालं." गृहस्थांनी हातातला बूट पुढे केला. "पण मग मी चालू कसा?"

प्रश्न साधा होता. चिडून विचारला नव्हता. वहिनी त्यांच्या मोज्याकडे बघत राहिल्या. मोजा अंगठ्याजवळ फाटला होता आणि त्यावर रस्त्याची धूळ होती. ते तसेच आले होते, एका पायात नुसता मोजा घालून.

"ठेवून जा," वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

बूट घेऊन त्या घरी आल्या तेव्हा उस्ताद पलंगावर बसले होते.

"हा कोण दुरुस्त करणार?"

"मी. तुम्ही सांगायचं, मी करायचं."

"तू?" उस्ताद हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसले.

"हसू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "तोंड वाकडं होतंय." आणि वहिनींकडे वळून म्हणाल्या, "आणि तू नीट ऐक. हे स्वेटर नाही. माणसाचा पाय आहे. बाही राहिली तर जाकीट म्हणता येतं, याला काय म्हणशील?"

दुसऱ्या दिवसापासून तिघांची वरात खोलीत जायला लागली. उस्ताद काठी टेकत पुढे, वहिनी त्यांना धरून, मागून सासूबाई डबा घेऊन. सासूबाईंनी आपल्यासाठी काम शोधलं होतं. त्या खिळे निवडायच्या. लहान, मधले, मोठे, वाकडे. वाकडे खिळे त्या ऐरणीवर ठोकून सरळ करायच्या आणि म्हणायच्या, "पोरापेक्षा हे बरे. सांगितलं की सरळ होतात."

उस्ताद बाकाच्या एका बाजूला बसायचे, वहिनी समोरच्या बाजूला. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. ते डाव्या हातानं हवेत रापी चालवून दाखवायचे. कातडं कापायची ती रुंद, बिनमुठीची सुरी. समोर बसलेल्या वहिनी ते बघून आपला उजवा हात चालवायच्या. आरशात बघावं तसं. त्यांचा डावा तो हिचा उजवा. ही युक्ती कुणी काढली नाही, ती आपोआप जमली. दोन आठवड्यांत अशी सवय झाली की उस्तादांनी नुसता खांदा हलवला तरी वहिनींचा उलट खांदा हलायचा.

बाकी काही जमत नव्हतं.

"रापी आहे ती, लाटणं नाही! ढकलतेस काय अशी?"

"मग कशी धरू?"

"कशी म्हणजे? धरतात तशी!"

"तुम्ही जगाचे उस्ताद असाल. मला शिकवताना तुम्हाला नुसतं ओरडता येतं."

"ओरडायला उजवा हात लागत नाही."

अंगठा तीनदा कापला. सोल्युशनमुळे बोटांची कातडी सोलली. घासायच्या मशीननं एकदा नख नेलं. वहिनींनी त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा सोल पाच वेळा चिकटवला आणि पाच वेळा उस्तादांनी डाव्या हातानं तो ओढून काढला. सहाव्या वेळी त्यांनी ओढला, पुन्हा ओढला, मग दात लावून ओढला. सोल निघाला नाही.

"हं," उस्ताद म्हणाले.

एवढंच. वहिनी सांगतात, लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

त्या रोज थकून जायच्या. पण सकाळी डोळा उघडला की कुठला बूट कुठवर आलाय ते डोळ्यांसमोर यायचं, आणि पाय आपोआप पलंगाखाली जायचे. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. पूर्वी दिवस उजाडायचा आणि त्या त्याच्याकडे बघत पडून राहायच्या.

वर्ष असं गेलं. डॉक्टरबाई जुने बूट दुरुस्तीला पाठवत राहिल्या, नवे नाही. मग हॉस्पिटलात नवे मॅनेजर आले. त्यांना एका मोठ्या कंपनीचे तयार बूट हवे होते आणि खोलीत झेरॉक्सचं मशीन. डॉक्टरबाई गल्लीत आल्या. उंच, सडपातळ बाई, बोलणं मोजूनमापून.

"मी भांडून मुदत घेतलीय," त्या म्हणाल्या. "वीस जोड. नवे, वहिनींच्या हातचे. एकही चुकला नाही, तर खोली तुमची आणि काम तुमचं. चुकला, तर मला बोलायला तोंड राहणार नाही."

"वीसचे वीस?" वहिनींनी विचारलं.

"पायाला एकोणीस-वीस चालत नाही," उस्ताद म्हणाले. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि गेल्या.

सतरा जोड गेले. सतराही जण दहा पावलं चालले आणि दहा पावलं परत आले. उस्ताद डोळे मिटून ऐकत राहिले. एकही बूट बाकावर परत आला नाही.

अठरावा जोड हेडबाईंचा.

हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे दुकानदारसुद्धा त्यांच्यासमोर शर्टाचं वरचं बटण लावायचे. त्या जिन्यावरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि उजवा पाय अर्धा इंच आखूड झाला. उजव्या बुटाला अर्धा इंच उंची द्यायची, इतकंच काम. सतरा जोडांत याहून सोपं काही नव्हतं.

माप घ्यायची पद्धत अशी. पातळ, आरपार दिसणारा कागद जमिनीवर ठेवायचा, ज्या पायाचं काम त्या पायानं त्यावर उभं राहायचं, आणि पेन्सिल फिरवायची. वहीत फक्त गिऱ्हाइकाचं नाव आणि सोलला द्यायची उंची. पाय कोणता हे लिहायची पद्धतच नव्हती. ते कागदच सांगतो, अंगठा कुठल्या बाजूला आहे त्यावरून. उस्तादांना तर कागदही लागायचा नाही. दहा वर्षांपूर्वीचा पायसुद्धा त्यांच्या डोक्यात असायचा.

वहिनींनी माप घेतलं. उस्तादांनी नेहमीसारखा कागद डाव्या हातानं उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, रेघ तपासली, आणि बाकावर ठेवला. वहिनींनी तो घेतला, आपण शिवलेल्या नव्या जोडातला कागदाशी जुळणारा बूट काढला, सोल उघडला, उंची बसवली, पुन्हा शिवला. सुरेख झाला होता. बूट तयार झाले त्या दिवशी हेडबाईंना सडकून ताप आला होता. बूट हॉस्पिटलच्या शिपायाबरोबर त्यांच्या घरी गेले.

"दहा पावलं?" उस्तादांनी विचारलं.

"ताप उतरला की बोलावते," वहिनी म्हणाल्या. मग एकोणिसावा जोड आला. तो अवघड होता. बोलावायचं राहून गेलं.

बारा दिवसांनी वहिनी साबण आणायला बाहेर पडल्या. समोर पन्नास पावलांवर एक बाई चालत होत्या. वहिनींची नजर सवयीनं खाली गेली. मग त्यांच्या हातातली पिशवी गळालीच.

त्या बाई प्रत्येक पावलाला उजवीकडे झुकत होत्या. होडी एका बाजूला कलावी तशी. आणि त्यांच्या डाव्या बुटाचा सोल जाड होता.

डाव्या.

वहिनी साबण विसरल्या. त्या मागून चालत राहिल्या. एक गल्ली, दुसरी गल्ली. प्रत्येक पावलाला तो खांदा खाली जाताना बघत राहिल्या. बँकेच्या कोपऱ्यावर हेडबाई थांबल्या आणि न वळता म्हणाल्या, "जो कोणी मागे आहे त्यानं पुढे यावं."

वहिनी पुढे गेल्या.

"अरे, तुम्ही? बूट उत्तम आहेत हं. शिवण अगदी रेघेसारखी."

"चालायला... कसं वाटतंय?"

"भयंकर," हेडबाई आनंदानं म्हणाल्या. "पण डॉक्टरबाईंनी सांगितलंय, पहिले पंधरा दिवस जड जाईल, सहन करा. आज बारावा. कंबर मोडायला आलीय, पण मी रोज दोन फेऱ्या मारते. ताप होता तेव्हासुद्धा एकही दिवस चुकवलेला नाही. आणखी तीन दिवस, की झाले मी सरळ."

वहिनींनी पुन्हा तो जाड सोल बघितला. "बरं," म्हणाल्या आणि पळाल्या. पळाल्या हाच शब्द. पिशवी रस्त्यातच राहिली.

खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी तो कागद काढला. डाव्या पायाचा दिसत होता. मग त्यांनी तो उलटला. उजव्या पायाचा झाला. आरपार दिसणारा कागद, त्याला पाठ-पोट काही नाही.

उस्ताद बघत होते. त्यांच्या लक्षात यायला दोन क्षण लागले.

"मी ठेवला उलटा," ते म्हणाले. "एका हातानं उचलला, एका हातानं ठेवला. पालथा पडला."

"ठेवलात तुम्ही. न बघता उचलला मी."

"अगं, ऐक. डॉक्टरबाईंना सांगू, हा जोड मी केला. आजारी माणूस आहे, हट्ट करून बसला, चुकला. मला कोण काय बोलणार? तुझे वीस तसेच राहतील. हा धरायचाच नाही."

वहिनी बाकावर बसल्या. युक्ती चांगली होती. कुणाचं नुकसान नव्हतं. उस्तादांना लोक खरंच काही बोलले नसते, उलट हळहळले असते. हेडबाईंचा बूट आज बदलून देता आला असता. खोली राहिली असती. झेरॉक्सचं मशीन दुसरीकडे गेलं असतं.

"आणि दहा पावलं?" वहिनींनी विचारलं. "तीही तुम्हीच चुकवलीत का?"

उस्तादांनी कागद पुन्हा उलटून बघितला.

"अहो, सतरा जोड झाले. लोक येतात, बूट बघतात आणि म्हणतात, वा, उस्तादांनी शिकवलं हं. बरोबरच आहे, तुम्हीच शिकवलंत. पण ही चूक मला कुणी शिकवली नाही. ही माझी मी केली. हीसुद्धा तुम्हीच घेतलीत तर माझं असं राहिलं काय?"

"असली कसली हौस!" उस्ताद वैतागले. "लोक चांगलं ते आपलं म्हणतात."

"चांगलं मागाहून बघू."

कोपऱ्यात सासूबाईंची खिळ्यांची डबी वाजायची थांबली होती. "जाऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "तीन स्वेटर अर्धे टाकताना बघितलंय मी हिला. तेव्हा अशी बसत नव्हती."

वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला हेडबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. रात्रभर त्यांनी वाक्य जुळवलं होतं. दार उघडलं आणि वाक्य गेलं.

"बूट चुकलाय," त्या म्हणाल्या. "उंची उजव्याला द्यायची, ती डाव्याला दिली. मी दिली. तुम्ही सरळ होणार नाही. पंधरा दिवसांनीही नाही. तुम्ही रोज जास्त वाकड्या होताय, आणि ते माझ्यामुळे."

हेडबाईंनी मागे वळून बघितलं. मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर बारा दिवसांवर बारा बारीक फुल्या होत्या. तेरावी करायला पेन हातात होतं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "बारा दिवस मी चुकीच्या दिशेनं शिस्त पाळली?"

"हो."

"मला दिसत होतं हो, की जाड बूट डावा आहे. पण मी इतिहासाची बाई. म्हटलं, यात काहीतरी शास्त्र असणार." त्यांनी पेन ठेवलं. "चाळीस वर्षं मुलींना सांगत आले, कळलं नाही तर हात वर करा. माझा स्वतःचा हात काही वर गेला नाही."

"तुमची काय चूक त्यात?"

"चूक कुणाची ते मी ठरवेन," हेडबाई म्हणाल्या. तो जुना आवाज होता. वहिनी नकळत ताठ उभ्या राहिल्या. "रडू नका. रडून बूट दुरुस्त होतो का?"

"नाही."

"मग चला. मी पण येते. कसा दुरुस्त होतो ते मला बघायचंय."

हेडबाई साध्या चपलांत खोलीवर आल्या, स्टुलावर बसल्या आणि दोन्ही बूट बाकावर ठेवले. उस्ताद काठी टेकून कसेबसे उठले.

"बाई, कागद मी उलटा ठेवला. हिचं ऐकू नका."

"ठेवला यांनी, पण तपासायचं काम माझं होतं," वहिनी म्हणाल्या.

"आणि विचारायचं काम माझं होतं," हेडबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. "घरात कप फुटला तर एक मालक मिळत नाही," त्या म्हणाल्या. "इथं एका चुकीला तीन-तीन! कसलं पीक आलंय?"

हेडबाई खो खो हसल्या. वहिनींना त्या हसतात हे माहीतच नव्हतं. बहुधा शाळेतही कुणाला नसावं.

डाव्या बुटाचा सोल उघडून उंची काढायची, ती जागा घासून सारखी करायची, मग उजव्याला नवीन थर बसवायचा, शिवायचा, कडा घासायची. दोन तास लागले. हेडबाई प्रत्येक गोष्टीला "हे कशाला?" विचारत होत्या. वहिनी उत्तरं देत होत्या. थर एकावर एक का लावायचा, एकदम का नाही. टाचेला पूर्ण उंची आणि बोटांकडे उतरती का. दोन वर्षांपूर्वी यातलं एकही उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की समोरच्या बाजूला उस्ताद नुसते बसून आहेत. त्यांचा डावा हात हवेत हलत नव्हता. आणि तरी आपला उजवा चाललाय.

मग दहा पावलं.

हेडबाई दारातून निघाल्या. उस्तादांनी डोळे मिटले. वहिनींनीही मिटले. टप, टप. टप, टप. दहा झाली. थोडी शांतता. मग परत. टप, टप. कुठला डावा आणि कुठला उजवा, सांगता येत नव्हतं.

"डोळे उघडा," हेडबाई दारात येऊन म्हणाल्या. "दोघं उभ्याउभ्या झोपलात की काय?"

बूट बरोबर होता. पण काम संपलं नव्हतं. वहिनींनी हात धुतले आणि त्या हॉस्पिटलात गेल्या. हेडबाई "मी चिठ्ठी देते" म्हणत होत्या, पण त्यांनी ती घेतली नाही.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"कितवा जोड?"

"अठरावा."

"पेशंटची तक्रार आली होती?"

"नाही. त्या अजून तीन दिवस सहन करणार होत्या."

"म्हणजे तुम्ही आला नसतात तर मला कळलं नसतं."

"महिन्याभरानं कळलं असतं. त्यांची कंबर कामातून गेल्यावर."

डॉक्टरबाई खिडकीतून बाहेर बघत बसल्या. खाली गल्ली दिसत होती, खोलीचं काचेचं दार दिसत होतं.

"मी वीस म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "एकही चूक नाही, असं म्हटलं होतं. शब्द म्हणजे शब्द. झालेले अठराही बाद."

"हो," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ते घरून निघतानाच धरून ठेवलं होतं.

"पुन्हा एकपासून मोजायचं."

वहिनींना आधी अर्थच लागला नाही. "म्हणजे... काम?"

"वीस व्हायला काम नको का? कागदावर डावा-उजवा लिहायचं आजपासून. आणि घरी बूट पाठवायचे नाहीत, राष्ट्रपती आले तरी. मॅनेजरांना मी सांगते. ते विचारतील, चुकणाऱ्या माणसाला पुन्हा संधी कशाला? मी सांगेन, कंपनी चुकली तर माझ्या खोलीत येऊन कोण सांगणार आहे?"

वहिनी उठल्या. दारापाशी डॉक्टरबाईंनी हाक मारली.

"वहिनी, एक गंमत सांगू? अकरा वर्षं उस्तादांचं काम बघितलं मी. त्यांनी एकदाही येऊन सांगितलं नाही की बूट चुकला."

वहिनी जिना कसा उतरल्या ते त्यांना आठवत नाही. खोलीत येऊन त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी ओंजळभर खिळे हवेत उडवले आणि मग स्वतःच शिव्या घालत वेचत बसल्या. वहिनींनी शेवटचं वाक्यही सांगितलं, अकरा वर्षांचं.

उस्तादांनी भिंतीवरच्या लाकडी पावलांकडे बघायला सुरुवात केली. फार लक्ष देऊन.

"अहो."

"काय?"

"अकरा वर्षांत एकही नाही?"

"चामडं आकसतं कधी कधी. ती चूक नसते."

"अहो!"

उस्ताद काठीशी चाळा करत राहिले. मग एकदम म्हणाले, "एका टपालवाल्याला दोन डावे बूट दिले होते."

"काय?"

"दोन्ही डावे. फार सुंदर झाले होते. तो म्हणाला, उस्ताद, हे घालून मी त्याच त्याच घरी टपाल टाकत राहीन, गोल गोल. मी त्याला सांगितलं, नवी पद्धत आहे. रात्रीतून उजवा केला आणि सकाळी सांगितलं, ती पद्धत बंद झाली."

सासूबाईंनी वेचलेले खिळे पुन्हा सांडले.

"आणि एकदा," उस्तादांचा आवाज आता मोकळा झाला होता, "एका गृहस्थांच्या बुटात भोकं पाडायची आरी विसरलो. आत, अस्तराखाली. ते आले, म्हणाले टोचतंय. मी म्हटलं, नवा बूट टोचतोच."

"मेल्या!" सासूबाई ओरडल्या. "आणि मला सांगत होतास, माझ्या हातून चूक होत नाही! त्या माणसाचं काय झालं?"

"काढून दिली ना दुसऱ्या दिवशी! पण त्यांना दाखवली नाही."

उस्ताद हसत होते. वाकड्या तोंडानं, पोट धरून, डाव्या हातानं बाक बडवत. दोन वर्षांत ते असे हसले नव्हते. कदाचित अकरा वर्षांतही नसतील. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यांना वाटत होतं की या माणसाशी आपलं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ओळख आज होतेय.

"तिसरी तर विचारूच नका," उस्ताद म्हणाले. "एक गायिका होत्या..."

काचेवर टकटक झाली. बाहेर एक जाडजूड माणूस उभा होता, हातात डॉक्टरबाईंची चिठ्ठी. आत तिघं हसून बेजार झालेली बघून तो बिचकला.

"नंतर येऊ का?"

"नाही, नाही, या," वहिनींनी डोळे पुसले आणि पातळ कागद जमिनीवर अंथरला. "बसा. दोन्ही बूट काढा. दुखतं कुठे ते सांगू नका, आधी जरा चालून दाखवा."

गायिकेची गोष्ट त्या दिवशी राहूनच गेली.